पुसलेली रांगोळी आणि गुलालाचा शर्ट

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ५८. आमचे मालक पौषात गेले. अटॅक आला, दारात रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते, रिटायर होऊन तीनच वर्षं झाली होती. चौतीस वर्षांचा संसार. लेक पुण्यात असते. रोज फोन करते आणि रोज म्हणते, आई, कशात तरी मन रमव. तिनंच मंडला आर्टच्या क्लासचे पैसे भरले. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी शेजारच्या मुलीनं सहज विचारलं, काका काय करतात? घरी आले ती परत गेलेच नाही.

मला रांगोळीची आवड. लग्न झाल्यापासून एक दिवस दार मोकळं ठेवलं नव्हतं. ते गेल्यावर बंद केली. पाडव्याला पहाटे राहवेना, तुळशीपाशी पाच ठिपके पाच ओळींची एवढीशी काढली. जाऊबाई म्हणाल्या, वर्ष सरायच्या आत रांगोळी? मी ओल्या फडक्यानं पुसून टाकली. खरं सांगते, काढताना बरं वाटलं होतं. त्याचंच नंतर जास्त वाईट वाटलं.

त्यांचे २२ शर्ट कपाटात आहेत. सगळे म्हणतात देऊन टाका. मला वाटतं त्यांची वाकळ शिवावी, पण कात्री लावायला हात होत नाही. एक पांढरा शर्ट आहे, आमच्या गणपतीच्या रथाच्या दिवशी घालायचे तो. त्यावरचा गुलाल कितीदा धुतला तरी निघाला नाही. आणि रोजचं शब्दकोडं. ते सोडवायचे आणि शेवटचे दोन शब्द मुद्दाम माझ्यासाठी ठेवायचे. आता पेपर येतो, कोडं तसंच राहतं, रद्दीचा ढीग झालाय. पुढच्या महिन्यात रथ आहे. मन कशात रमवू?

तुमची एक वाचक, तासगाव

*

तासगावच्या मैत्रिणीस,

रांगोळी ओल्या फडक्यानं पुसलीत हे वाचलं आणि पत्र खाली ठेवून मी आधी चहा टाकला. राग आलेला असताना मी उत्तर लिहीत नाही. मागं एकदा लिहिलं होतं. तेव्हा एका वाचक मुलीच्या सासूबाईंनी मला चार पानी पत्र पाठवलं होतं आणि त्यातली अडीच पानं बरोबर होती.

तेव्हा जाऊबाईंना मी काही बोलणार नाही. त्यांनी लहानपणापासून जे पाहिलं तेच त्यांच्या तोंडून आलं. तुमच्यापासून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे २०२२ सालीसुद्धा हे ठराव करून सांगावं लागलं. मग एका जाऊबाईंवर किती रागवायचं? त्यांना एकदा शांतपणे सांगा, ‘ह्यांना दारातली रांगोळी आवडायची, मी काढणार आहे.’ त्यावर वाद घालू नका. दुसऱ्यांदा बोलल्या तर ऐकू आलं नाही असं करा. आपल्या वयाला तेवढी सवलत असते.

पण एक विचारू? जाऊबाई बोलल्या खऱ्या, फडकं कुणी घेतलं हातात? त्यांनी नाही घेतलं. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य जाऊबाईंचं नाहीच. ‘काढताना बरं वाटलं होतं, त्याचंच नंतर जास्त वाईट वाटलं’, हे ते वाक्य.

या ‘बरं वाटलं’चं काय करायचं ते कुणी सांगत नाही. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असं तुमच्या लेकीनं कुठंतरी वाचलं असेल, हल्ली सगळेच सांगतात. त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस नावाच्या डॉक्टरबाईंनी १९६९ साली मांडल्या, त्याही ज्यांना स्वतःलाच मरण समोर दिसत होतं अशा रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना त्या नंतर चिकटल्या. मला त्यापेक्षा नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघांनी १९९९ साली मांडलेलं पटतं. त्यांनी जोडीदार गेलेल्या माणसांकडे नीट पाहिलं. त्यांना दिसलं की माणूस दिवसभर एकाच जागी रडत बसत नाही. तो जातो-येतो. घटकाभर गेलेल्या माणसापाशी असतो, घटकाभर गॅसचा नंबर लावण्यात, पेन्शनच्या कागदात, भाजी निवडण्यात. मग परत तिकडे. त्यांच्या मते हे जाणं-येणं चालू असणं हीच तब्येत ठीक असल्याची खूण. विट्याकडचे मागावरचे, सूत घेऊन इकडून तिकडे धावणारे धोटे पाहिले असतील ना तुम्ही? धोटा एका बाजूला अडकून बसला तर कापड होत नाही. पाडव्याच्या पहाटे तुम्ही दहा मिनिटं इकडे आला होता, एवढंच झालं. ते तिकडे एकटे पडले नाहीत त्यानं.

आता ‘मन रमव’बद्दल. या दोन शब्दांशी माझं जुनं वैर आहे. माझे यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली. महिनाभरात मला सगळ्यांनी हेच सांगितलं. एका भाचीनं पेंटिंगचं सामान आणून दिलं, दुसरीनं हास्यक्लबात नाव घातलं. पहाटे सहा वाजता बागेत उभं राहून हा हा हा करायचं. तुम्ही चार दिवस तरी गेलात, मी दोनच गेले. रमवायचं म्हणजे लहान मूल रडायला लागलं की खुळखुळा वाजवतात तसं काहीतरी. आपलं मन काय मूल आहे?

मी काय केलं सांगते. ह्यांचा एक तपकिरी स्वेटर होता, मीच विणलेला, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत. माझा हात तेव्हा बसलेला नव्हता, त्यामुळे त्याची डावी बाही दोन बोटं लांब झाली होती. हे ती दुमडून घालायचे, वीस वर्षं घातला. एका दुपारी तो घेऊन बसले आणि उसवायला लागले. कशासाठी, माहीत नव्हतं. लांब बाहीपासून सुरुवात केली. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी निघते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळायची, चार ठिकाणी दोऱ्यानं सैल बांधायची, कोमट पाण्यातून काढायची आणि खाली पाण्यानं भरलेला तांब्या लटकवून वाळत घालायची, म्हणजे सरळ होते. रोज थोडी थोडी. सगळा स्वेटर उसवायला मला दोन महिने लागले. मध्येच रडू यायचं, मग लोकर मांडीवर तशीच पडायची. अर्ध्या तासानं परत हात चालायला लागायचे. शेवटी चार गुंडे झाले. त्यांचं मी पुढे काहीच केलं नाही, अजून बिस्किटांच्या डब्यात आहेत. भाची विचारते, मावशी, याचं काय करणार? मी म्हणते, झालं की करून.

हे सांगितलं कारण तुम्हाला नवीन काही शिकायची गरज आहे असं मला वाटत नाही. नवीन शिकायला डोकं लागतं, आणि या वर्षात डोकं ठिकाणावर नसतं. पातेलं गॅसवर ठेवून आपण दुसऱ्या खोलीत काय शोधायला आलो ते विसरतो. हात मात्र काही विसरत नाहीत. बहिणाबाई चौधरी तिशीत विधवा झाल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता ओव्या जुळत गेल्या. मुलानं, सोपानदेवांनी, त्या उतरवून घेतल्या म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली आपल्याला वाचायला मिळाल्या. आपण कोणी बहिणाबाई नाही, मला कळतं. पण जातं त्यांच्या हाताखाली आधीपासून होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. तुमच्या हाताखाली रांगोळी आहे. सुई आहे.

लिहिण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी वही आणून देईलच, म्हणून सांगून ठेवते. मनातलं कागदावर काढा, मोकळं वाटेल, असं सगळे म्हणतात. १९८०च्या दशकात जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं सलग तीन-चार दिवस पंधरा-वीस मिनिटं लिहायची पद्धत करून पाहिली, तिथून हे सगळीकडे गेलं. पुष्कळ जणांना फायदा होतोही. पण जोडीदार गेलेल्यांना असंच लिहायला लावून पाहिलं, तेव्हा लिहिणाऱ्यांत आणि न लिहिणाऱ्यांत फरक दिसला नाही. तेव्हा वही कोरी राहिली तर वाईट वाटून घेऊ नका. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले आणि रमाबाईंनी लिहिलेल्या त्यांच्या आठवणी पुस्तक होऊन आल्या त्या १९१० साली. तुम्हाला तर आत्ता कुठे सात महिने होताहेत.

आता शर्ट.

कात्री लावायला हात होत नाही म्हणता. नकाच लावू. शर्ट कापायचा नाही, उसवायचा. शिवणीत छोट्या कात्रीचं टोक घालून टाका तोडत जायचं. आधी बटणं काढा, काचेच्या बरणीत ठेवा. मग कॉलर, मग बाह्या, मग कुशीची शिवण. शर्ट उलगडला की त्याचे पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या आणि खांद्याची पट्टी असे सरळ तुकडे निघतात. यात एक सोय आहे. मध्येच वाटलं, नको, हे आपल्याच्यानं होत नाही, तर उसवलेलं परत शिवता येतं. कापलेलं नाही येत. गल्लीतला टेलर अर्ध्या तासात शर्ट होता तसा करून देईल. बहुतेक तुम्ही त्याच्याकडे जाणार नाही. पण जाता येईल एवढं माहीत असलं की हात थरथरत नाही.

पहिल्यांदा कुठला घ्यायचा? त्यांना न आवडणारा. प्रत्येकाच्या कपाटात असतो एक, कुणीतरी लग्नात आहेर दिलेला, घडीसुद्धा न मोडलेला. त्याच्याशी तुमचं काही भांडण नाही न् प्रेमही नाही. त्याच्यावर हात बसवा. गुलालाचा शर्ट आणि शेवटच्या आठवड्यात अंगात असलेला, हे दोन बाजूला ठेवा. त्यांना सुई-कात्री काही लावू नका. शेवटचा धुतलेला नसेल तर धुऊही नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. वास फार दिवस टिकत नाही, पण तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त टिकतो. कधी पिशवी उघडून नाक घालावंसं वाटलं तर घाला, त्यात वेड्यासारखं काही नाही.

टेरिकॉटचे शर्ट वेगळे काढा, सुती वेगळे. वाकळ तुम्ही आधी शिवलेली दिसते, म्हणजे तुम्हाला ठाऊक असेल, पण दुःखात माणूस साध्या गोष्टी विसरतो म्हणून सांगते. टेरिकॉट सुईखाली सरकतं, आणि धुतलं की सुती आटतं, ते आटत नाही. दोन्ही शेजारी जोडले की पहिल्याच धुण्यात वाकळीला सुरकुत्या पडतात. सुती कापड आधी धुऊन वाळवून घ्या. आतला थर तुमच्या जुन्या मऊ झालेल्या सुती लुगड्याचा किंवा साडीचा घाला. वर्कशॉपचा युनिफॉर्म असेल तर त्याचं कापड जाड, सुई जाता जात नाही. त्याची नुसती चारी बाजूंनी पट्टी लावा. ऑइलचे डाग असतील तर ते दिसू द्या. खिसा काढू नका. वाकळीवर एक खिसा तसाच राहिला तर छान दिसतो. नातवंडं त्यात काय काय ठेवतात.

आणि एकट्या बसू नका शिवायला. तुमच्या गल्लीत वाकळा शिवून देणाऱ्या दोघी-तिघी म्हाताऱ्या असतीलच. त्यांना मजुरी देऊन दुपारी बोलवा, त्यांच्याबरोबर एका बाजूनं धावदोरा घालायला तुम्ही बसा. समोरासमोर खुर्च्या टाकून कुणी ‘कशी आहेस?’ विचारलं की आपलं तोंड मिटतं. वाकळीभोवती बसलं की सगळ्यांची मान खाली, डोळे टाक्यावर. बोललं तर बोललं, गप्प बसलं तर कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. त्यांतली एखादी नक्की विधवा असेल, आणि ती तुम्हाला दहा वर्षांपूर्वीचं असं काही सांगून जाईल की या सदरात मी ते सात जन्मांत लिहू शकणार नाही. चहात मात्र साखर जरा जास्त घाला. या बायकांना फिका चहा चालत नाही.

घाई करू नका. २२ शर्टांची एक वाकळ होणारही नाही, दोन होतील, किंवा अर्धी होऊन पडून राहील. लेकीला आत्ता सांगूच नका, नाहीतर ती दर रविवारी ‘किती झाली?’ विचारेल.

रांगोळीचं मी वर सांगितलंच. तरी एक. चौतीस वर्षं रोज सकाळी आदल्या दिवशीची रांगोळी तुम्ही स्वतःच झाडून काढत होतात ना? पुसली गेल्याचं तुम्हाला काही नवीन नाही. उद्या परत काढा. दारात नको वाटत असेल तर तुळशीपाशी, तिथंही नको वाटलं तर गच्चीवर. तीही नको असेल तर पाटीवर. पाच ठिपके पुरेत. रंग भरायचे की नाहीत ते पुढचं पुढं.

स्वयंपाकाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मला शंका येते. एकटीसाठी काय करायचं म्हणून दोन्ही वेळा दूध-भाकरी किंवा चहा-बिस्कीट चालू असेल तर ते थांबवा. बीपीची, साखरेची गोळी असेल तर ती चुकवू नका. झोप महिनोन् महिने लागत नसेल, वर्ष उलटलं तरी उठून काही करावंसंच वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. आणि त्यांच्या मागोमाग आपणही जावं असं सारखं मनात येत असेल, तर वर्षाचीच काय, उद्याचीही वाट पाहू नका. कुठल्याही फोनवरून १४४१६ लावा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हे मी सगळ्यांनाच लिहिते. तुम्हाला लागू नसेल तर सोडून द्या.

रथाच्या दिवशी काय करायचं हे मी नाही सांगणार. दोरापर्यंत जाऊन यावंसं वाटेल, किंवा दार लावून घरात बसावंसं वाटेल. दोन्ही ठरवून ठेवा आणि सकाळी उठल्यावर जमेल ते करा. एवढं मात्र करा, आदल्या रात्री गुलालाचा शर्ट कपाटातून काढून खुंटीला अडकवा. वर्षातून एक दिवस तो बाहेर असायचा, यंदाही असू दे. गर्दीत गेलात आणि अंगावर गुलाल पडला, तर घरी येऊन घाईघाईनं झटकू नका.

शब्दकोड्यांच्या ढिगाचं रद्दीवाल्याला काही सांगू नका अजून. रोजचं रोज सोडवायचं ओझं घेऊ नका. दिवेलागणीला, ते पेपर घेऊन बसायचे त्या वेळेला, ढिगातला वरचा अंक घ्या, जमतील तेवढे शब्द भरा आणि दोन सोडून द्या. आलेले असले तरी सोडा. आता ते ठेवायची पाळी तुमची.

मीही आज तुमच्यामुळे किती वर्षांनी कोडं घेऊन बसले. एक शब्द राहिलाय. उभा चौदा. ‘पोती शिवायची जाड सुई’, तीन अक्षरं. ती घरं मी भरलेली नाहीत. पुढच्या पत्रात कळवा.

तुमची,
ताई